वाचकांचे प्रश्न : शिकण्यासाठी जुनी जिप्सी घ्यावी की जीप?

प्रश्न : मी सांगलीला राहतो. मोटार दुरुस्तीचे प्राथमिक काम स्वतःच्या हाताने शिकावे, या हेतूने जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेण्याचा विचार आहे. मारुती जिप्सी घ्यावी की महिंद्राची डिझेल जीप? ओळखीतली एक बंद पडलेली गाडी फार स्वस्तात मिळते आहे; ती घ्यावी का? – एक वाचक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बंद गाडी कृपया घेऊ नका. तिच्यात एकाच वेळी अनेक दोष असतात आणि नवशिक्याला कोणत्या दोषामुळे गाडी चालू होत नाही हे उलगडत नाही. कुरकुरत का होईना, पण चालणारी गाडी असेल, तर एक काम केल्यावर काय सुधारले हे लगेच कळते, आणि शिकणे म्हणजे नेमके तेच आहे.

जिप्सी आणि महिंद्राच्या एमएम ५४० यांसारख्या जीप या दोन्ही गाड्या शिकण्यासाठी उत्तम आहेत, कारण दोन्हींना स्वतंत्र चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) आहे, पुढे-मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत आणि बहुतेक भाग बाहेरूनच हाताशी येतात. १९८५ साली आलेल्या जिप्सीचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये १.३ लिटरचे आले, आणि २००० सालच्या सुमारास कार्बोरेटरची (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या यांत्रिक भागाची) जागा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली. पेट्रोल इंजिनाचे मूळ तत्त्व समजून घ्यायचे असल्यास कार्बोरेटरची जिप्सी घ्यावी. एमएम ५४०मधले प्यूजो बनावटीचे २.१ लिटरचे डिझेल इंजिनही पूर्णपणे यांत्रिक आहे. मात्र त्याचा फ्युएल पंप उघडणे हे घरचे काम नव्हे. माझे मत जिप्सीच्या बाजूने झुकते, कारण तिचे सुटे भाग हलके आहेत आणि एकट्या माणसाला उचलता येतात.

पाहताना इंजिनापेक्षा चासीकडे अधिक लक्ष द्या. इंजिन दुरुस्त होते, पण गंजून पोकळ झालेली किंवा अपघातानंतर जोड दिलेली चासी पैसे आणि उमेद दोन्ही संपवते. गाडीखाली शिरून पाटे चासीला जिथे अडकवतात ते हँगर, बॉडी जिथे चासीवर बसते ते माउंट आणि मागचा आडवा भाग हातोडीने हलके वाजवून पाहा. निरोगी पत्रा खणखणीत आवाज देतो. ताज्या रंगाखाली पुट्टी भरलेली असल्यास लोहचुंबक तिथे नीट चिकटत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असल्यास हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधले पॅकिंग) फुटल्याची शंका घ्यावी.

कागदपत्रांबाबत तडजोड नको. आरसी बुकातील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचून ताडून घ्या, कारण जीपमध्ये इंजिने बदललेली वरचेवर आढळतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नूतनीकरण करावे लागते व महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हे झालेले नसल्यास ते करून देण्याची अट विक्रेत्याला घाला.

गाडी घरी आल्यावर ती सर्व खोलून बसू नका. प्रथम इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि दोन्ही डिफरेन्शियल (पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधील गिअर) यांचे ऑइल बदला. त्या निमित्ताने गाडीची रचना कळते आणि निघालेल्या ऑइलमधील धातूचा कीस बरेच काही सांगतो. मग प्लग, फिल्टर, कूलंट, बॅटरीच्या तारा, आणि त्यानंतर चाकांचे बेअरिंग व ब्रेक. ब्रेकचे काम पहिल्यांदा एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चासीला भक्कम स्टँड लावून, चाके सरकू नयेत म्हणून त्यांना ओट (अडसर) लावून मगच आत जावे.