पोलिसांनी बोलावलं म्हणजे गुन्हेगार झाला का?

प्रश्न : माझ्या मामेभावाच्या ऑफिसात पैशांची अफरातफर झाली, पोलिसांनी त्यालाही बोलावून जबाब घेतला आणि घरी पाठवलं. आता नातेवाईक म्हणतायत की त्याच्यावर केस झाली, आणि त्याचं ठरत आलेलं लग्न अडलंय. चौकशी, अटक, चार्जशीट, शिक्षा यात नक्की फरक काय?

उत्तर : ताई, नातेवाईकांचं राहू द्या, आधी भावाला आलेली नोटीस बघा. त्यावर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास-अटकेचे नियम सांगणारा कायदा) कलम 179 असेल तर त्याला साक्षीदार म्हणून बोलावलंय, 35(3) असेल तर मात्र संशय त्याच्यावरही आहे, लगेच वकील गाठा. तरीही ती अटक नव्हेच, उलट नोटिशीप्रमाणे तो हजर राहत असेल तर अटक करायला पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. आणि हो, पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर त्याने सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे, पण लोक घाबरून करून मोकळे होतात.

अटक झालीच तर कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. पण अटक संशयावरूनही होते, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरा घोळ चार्जशीटवर होतो. ते पोलिसांचं म्हणणं असतं, आम्हाला हे पुरावे मिळाले एवढंच. माणूस कोठडीत असेल आणि ते 60 दिवसांत (फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गंभीर गुन्ह्यांत 90) आलं नाही तर तो जामिनाचा हक्क मागू शकतो. पुढे कोर्ट कागद वाचून ठरवतं की खटला चालवण्याइतकं यात काही आहे का, नसेल तर तिथेच सोडून देतं, असेल तर आरोप निश्चित करतं आणि मग साक्षी, उलटतपासणी, ज्याला वर्षं लागतात. एवढं सगळं होऊन कोर्टाने दोषी ठरवलं तरच तो गुन्हेगार, आणि त्यावरही अपील असतंच. पेपरवाले मात्र अटकेच्या दिवशीच निकाल लावून मोकळे.

नोकरीच्या फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे का' आणि 'केस चालू आहे का' असे वेगळे प्रश्न असतात. नुसता जबाब झाला असेल तर दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच, पण त्याचं नाव आरोपी म्हणून एफआयआरमध्ये आहे का ते आधी बघून घ्या, आणि मुलीकडच्यांनाही तेवढंच सांगा.