रोपांसाठी दिवा निवडताना
खोक्यावरचे वॅट आणि ल्युमेन पाहून दिवा घेऊ नका. वॅट म्हणजे विजेचा खप आणि ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यांना भासणाऱ्या उजेडाचे माप, तर रोपे प्रकाशसंश्लेषणासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. म्हणून दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो, आणि तो आकडा किती अंतरावरून मोजलेला आहे, हे आधी वाचावे. जांभळ्या दिव्यांच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पांढऱ्या एलईडीखाली पानांवरचा पिवळेपणा वेळीच नजरेस पडतो. खोड लांबुडके होऊन रोप कलंडू लागले, तर दिवा खाली आणा. वरची पाने फिकट पडून त्यांच्या कडा वळू लागल्या, तर वर घ्या. पालेभाज्यांना रोज १२ ते १६ तास पुरतात. ते काम टायमरवर सोपवा.