साडेचारशेच्या सॅकमध्ये नऊ डिस्क

तुम्ही लिहिलंय की भाच्यानं अमेरिकेहून डिस्क गोल्फच्या (फ्रिस्बीसारखी चकती फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) नऊ डिस्क आणून दिल्या, तिकडची त्यासाठीची बॅग मागवायला परवडत नाही आणि घरात मुलाची कॉलेजची सॅक पडून आहे. ती पुढून कापून मोठी चेन बसवावी का, असं विचारलंत. आधी तेवढंच सांगतो: कात्री ठेवून द्या. मी दोन सॅका कापून वाया घालवल्या आहेत. पुढचा भाग कापला की सॅकचा ताठपणा जातो, ती पोत्यासारखी लोंबते, आणि मग आपण चेनला दोष देत बसतो.

मोजपट्टी घ्या. गोल्फची डिस्क नियमानं एकवीस सेंमीपेक्षा लहान नसते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक २१ ते २२ सेंमीच्या असतात. तिकडच्या बॅगांमध्ये त्या उभ्या, डावीकडून उजवीकडे ओळीनं लावतात, म्हणून त्या बॅगांची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कापडापर्यंतचं अंतर, बावीस-तेवीस सेंमी असतं. आपल्या कॉलेजच्या सॅकची खोली जेमतेम सतरा. माझी पहिली चूक हीच. फोटो बघून तीस बाय बावीसचा सुंदर डबा केला, सॅकमध्ये घातला आणि चेन लागेना. बायको म्हणाली, डबाच पाठीला बांधा.

दुसऱ्या सॅकमध्ये डिस्क आडव्या, थाळ्यांसारख्या एकावर एक ठेवल्या. बसल्या छान. पण हवी असलेली नेहमी तळाशी, आणि दर फेकीला सगळी चळत काढून गवतावर मांडायची. तिसऱ्या खेपेला मी डिस्क फिरवल्या: पाठीला समांतर उभ्या, एकामागे एक, फायलींसारख्या. रुंदी बावीस लागते, ती सॅकमध्ये तीस आहे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवली की एकीचा घुमट पुढचीच्या पोटात थोडा शिरतो. माझ्या आठ डिस्कना तेरा-चौदा सेंमी लागतात. म्हणजे सतराच्या खोलीत दोन बोटं घालून चाळायला जागा उरते, आणि ती उरलीच पाहिजे. ठासून भरल्या तर ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कची, कड धरून ओढताना नखं जातात. नववी पटर, म्हणजे बास्केटजवळून टाकायची डिस्क, ती बाहेर. त्याचं पुढे सांगतो.

आता डबा. लाकूड नको, पुठ्ठा एका पावसात जातो. सनपॅक शीट घ्या, निवडणुकीत खांबांवर उमेदवारांचे हसरे चेहरे ज्यावर छापतात ती पन्हळी प्लास्टिकची. निवडणूक झाल्यावर फुकट मिळते. माझ्या सॅकमध्ये एक माजी नगरसेवक अजून हात जोडून उभे आहेत. शीटच्या नळ्या उभ्या येतील अशी कापा, ताठपणा त्यातूनच येतो. घडी हवी तिथे कटरनं वरचाच पापुद्रा कापा, आरपार नाही. जोडायला केबल टाय, डिंक-फेव्हिकॉलच्या भानगडीत पडू नका, या प्लास्टिकला ते धरत नाही. नळ्यांची उघडी टोकं पॅकिंगच्या टेपनं बंद करा, नाहीतर त्यात पाणी आणि मुंग्या दोन्ही शिरतात.

मापं माझ्या ४५ बाय ३० बाय १७ च्या सॅकची देतो, तुमची तुम्ही मोजा. डबा तेवीस रुंद, सोळा खोल, उंची सदतीस. तळापासून एकवीस सेंमीवर आडवी फळी, त्याच शीटची दोन पदरी, चारही बाजूंनी टायनं बांधलेली. डिस्क या फळीवर उभ्या राहतात. त्यामुळे त्यांचं वरचं पाच-सहा सेंमी भिंतींच्या बाहेर येतं आणि हाताला लागतं, आणि सॅकची वरची चेनही लागते. डिस्क अगदी तळाशी ठेवल्या तर कोपरापर्यंत हात घालून आंधळेपणानं चाचपावं लागतं. वजन वर, खांद्यांजवळ आल्यानं चालतानाही सॅक मागे ओढत नाही. आठ डिस्क म्हणजे एकशेसत्तर ग्रॅमच्या हिशेबानं १ किलो ३६० ग्रॅम, फार नाही, पण दोन तास पाठीवर असतं.

याचा तोटा असा की जमिनीवर ठेवली की सॅक तोंडावर पडते. मी जुन्या छत्रीची दांडी पाय म्हणून लावून पाहिली. पहिल्या वाऱ्याला पाय वाकला. आता फळीखाली लिटरभर पाण्याची बाटली आडवी ठेवतो, किलोभर वजन तळाला आलं की पडत नाही. तिथेच रेनकोट आणि जास्तीचा शर्ट. या खालच्या कप्प्यात हात घालायला पुढच्या खिशाच्या आतल्या भिंतीत मी अठरा सेंमीची एक चीर दिली आहे. सगळ्या सॅकमध्ये कात्री लागली ती तेवढीच. सॅकचं कापड पॉलिएस्टरचं असतं, कापल्याबरोबर दोरे सुटायला लागतात. पेटती उदबत्ती कडेवरून सावकाश फिरवली की कड वितळून काळी, कडक होते आणि उसवत नाही. मेणबत्तीनं करायला जाऊ नका, माझ्या पहिल्या सॅकला त्यानं रुपयाएवढं भोक पडलं.

डबा सॅकपेक्षा सहा-सात सेंमी अरुंद आहे, तो एका बाजूला सरकवा. उरलेल्या फटीत टॉवेल उभा घुसतो. टॉवेल दोन ठेवा. आपल्या माळव्यातली काळी माती ज्यांच्या चपलेला लागली आहे त्यांना कारण सांगायला नको. आम्ही इंदूरजवळ महू रोडला एका मित्राच्या शेताच्या पडीक तुकड्यावर खेळतो. बास्केट त्यानं सायकलच्या रिमला साखळ्या टांगून केली आहे, झाडंही चालतात. जुलैत डिस्क पडली की कडेला बोटभर चिखल घेऊनच उठते. तो तसाच डब्यात गेला की सुकून सगळ्या डिस्कना लागतो, आणि कडेला माती असलेली डिस्क सरळ जात नाही. म्हणून फळीला आणि सॅकच्या तळाला प्रत्येकी दोन आयलेट, म्हणजे धातूच्या कडीची भोकं, मारून घ्या, पाणी निघून जातं. फ्लेक्स बोर्डवाल्याकडे पंच असतो, दोन मिनिटांचं काम. तळाला बाहेरून स्कूटरच्या टायरची जुनी ट्यूब कापून शिवली आहे. पंक्चरवाल्यानं तशीच दिली. घरी आलो की नळाखाली धरायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पट्टे. स्वस्त सॅकचं कापड टिकतं, चेनही दोन वर्षं चालते, दगा देतो तो पट्ट्याचा वरचा सांधा. माझा चौथ्या बास्केटपाशी तुटला. सॅक एका बाजूला कलंडली, तोंड उघडं होतं, आणि केशरी मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क, कडेवर उभी राहून घरंगळत शेजारच्या सोयाबीनमध्ये गेली. पाऊण तास शोधली. शेतमालकानं कापणीला शोधून दिली, पण तोवर तिच्या कडेला विळ्याची खूण पडली होती. तेव्हा सॅक वापरायच्या आधीच पट्ट्याचे वरचे-खालचे चारही सांधे मोचीकडून शिवून घ्या. आतून रेगझिनचा तुकडा लावायचा, वर चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई, दोरा नायलॉनचा. सरळ एकेरी शिलाई मारून देत असेल तर थांबवा. माझा मोची राजवाड्याच्या मागच्या गल्लीत बसतो. डिस्क हातात घेऊन म्हणाला, "भिया, थाली तो अच्छी है, पर इसमें दाल कैसे रुकेगी?" ऐंशी रुपये घेतले. त्यातच छातीवरचा पट्टाही लावून दिला, शाळेच्या फाटक्या दप्तराचं बकल काढून.

पटर बाहेर ठेवायची कारण ती प्रत्येक बास्केटला लागते. पुढच्या खिशावर, वरच्या कडेला, चार बोटं रुंद इलॅस्टिक आडवं शिवा, मध्ये सैल, टोकांना घट्ट. डिस्क अर्धी आत, अर्धी बाहेर. पायजम्याचं बारीक इलॅस्टिक वापरू नका, उड्या मारत चाललं की डिस्क निसटते. डिस्क पडली ती जागा दाखवायला ठेवायच्या मार्करसाठी वेगळी खरेदी नको. नियमात छोटी मार्कर ७ ते १५ सेंमी व्यासाची लागते, मित्रामित्रांच्या खेळात श्रीखंडाच्या डब्याचं झाकण त्या मापात बसतं.

तुमच्याकडे अल्टिमेट फ्रिस्बीचीही (दोन संघांनी डिस्क एकमेकांना फेकत खेळायचा खेळ) डिस्क आहे असं दिसतंय. ती या डब्यात जाणार नाही. १७५ ग्रॅमची ती डिस्क साधारण २७ सेंमीची असते. लॅपटॉपच्या कप्प्यात सरकवा, पाठीलाही जरा ताठपणा येतो. एके काळी सगळे तसल्याच मोठ्या, गुबगुबीत डिस्कनी खेळत. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेस या अमेरिकन डिस्क बनवणाऱ्यानं धारदार उतरत्या कडेची डिस्क आणली आणि तिथून ड्रायव्हर, मिडरेंज, पटर असे प्रकार वाढत गेले. नाहीतर आपल्याला सॅक लागलीच नसती, एक डिस्क काखेत मारून निघालो असतो.

खर्च विचारलात. माझी सॅक राणीपुऱ्यातून साडेचारशेला, मोचीचे ऐंशी, इलॅस्टिक, आयलेट आणि केबल टाय मिळून साठ-सत्तर. तुमची सॅक घरचीच, म्हणजे दीडशेत काम होईल. पाठीमागचा फोम बसलेला असेल तर जुन्या योगा मॅटचा तुकडा आत सरकवा, शिवायचीही गरज नाही.

अजून एक, एप्रिल-मे मध्ये सॅक गाडीत ठेवून जाऊ नका. आपल्या उन्हात बंद गाडीत स्वस्त प्लास्टिकच्या डिस्क मऊ होतात आणि डब्यात दाबलेल्या असतील तशा वाकतात. वाकलीच तर सपाट फरशीवर ठेवून वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा, बरीचशी सरळ येते.

डबा आधी पुठ्ठ्याचा करून सॅकमध्ये घालून बघा, चेन लागते का तपासा, मगच सनपॅक कापा. अडलं तर सॅकची तिन्ही मापं इथेच लिहा, फळी कुठे येईल ते सांगतो.