पिंग जातंय, तरी सर्व्हर उघडत नाही. एकाच पीसीला असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की सहापैकी एकाच पीसीवरून सर्व्हरचं शेअर फोल्डर दिवसातून दोन-तीनदा गायब होतं, पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते बघायची हाक) मात्र व्यवस्थित जातं, आणि पीसी रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत. विंडोज नव्याने टाकायच्या आधी जरा थांबा. त्या पिंगला उत्तर नक्की कोण देतंय ते बघा.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात हाच प्रकार होता. पहिल्या फेरीत मी केबल बदलली. दुसऱ्या फेरीत स्विचचा पोर्ट बदलला, लॅन कार्डाची वीज वाचवण्याची टिक काढली. दोन्ही वेळा निघताना सगळं चालू, त्यामुळे मीही खूश. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या अकाउंटंट ताई सहज म्हणाल्या, "शनिवारी मात्र कधी जात नाही हो." शनिवारी आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी तिथे काम शिकणारी, मुलं क्लासला असायची. मुलं नाहीत म्हणजे त्यांचे मोबाइलही नाहीत!

सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हाताने दिलेला होता, १९२.१६८.१.५०. महिनाभरापूर्वी इंटरनेटवाल्याने राउटर बदलला होता आणि नव्या राउटरची डीएचसीपी रेंज, म्हणजे तो आपणहून वाटतो त्या आयपींचे शेवटचे नंबर, होती २ ते २५४. पन्नास नंबरवर कोणी बसलंय याचा त्याला पत्ताच नाही. त्याने तो एका मुलाच्या मोबाइलला देऊन टाकला. पिंगला मोबाइल इमानेइतबारे उत्तर देत होता. फोल्डर त्याच्याकडे कुठून असणार?

मग बाकीच्यांचं कसं चालायचं? कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा त्याचा स्वतःचा नंबर), याची यादी प्रत्येक पीसी स्वतःपुरती ठेवतो. तिला एआरपी टेबल म्हणतात. दिवसभर सर्व्हरशी बोलणाऱ्या पीसींची नोंद सहसा टिकून राहते. हा पीसी जेवणाच्या सुट्टीत स्लीपमध्ये जायचा, उठला की "पन्नास कोण?" असं नव्याने विचारायचा आणि दोघेही "मीच" म्हणायचे. रीस्टार्टने यादी पुसली जाते, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी सर्व्हर गेला की रीस्टार्ट करू नका, नाहीतर पुरावाच जाईल. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' (arp -a) चालवून सर्व्हरच्या आयपीपुढचा मॅक ॲड्रेस लिहून घ्या. सर्व्हरवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) चालवून त्याचा खरा मॅक बघा. दोन्ही वेगळे निघाले तर चोर सापडला. परक्या मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा मोबाइलच, कारण हल्लीचे फोन खरा मॅक लपवून बनावट वापरतात. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉगला ४१९९ नंबरची नोंद आहे का तेही बघा. आयपी कॉन्फ्लिक्टची, म्हणजे एकच आयपी दोघांकडे असल्याची, तक्रार विंडोज तिथे लिहून ठेवतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. सर्व्हरचा आयपी बदलायच्या भानगडीत पडू नका, कारण टॅली, प्रिंटर, स्कॅनर सगळीकडे तोच भरलेला असतो. राउटरची रेंज अशी करा की सर्व्हरचा नंबर तिच्याबाहेर राहील; तो पन्नास असेल तर १०० ते २०० चालेल. मग राउटर बंद-चालू करा आणि सगळ्यांना वायफाय तोडून पुन्हा जोडायला सांगा, नाहीतर जुना नंबर मुदत संपेपर्यंत फोनकडेच राहतो.

मॅक जुळलेच, तर फोल्डर नावाऐवजी आयपी टाकून उघडून बघा. तसं उघडलं तर दोष नावावरून आयपी शोधण्यात (डीएनएस वगैरे) आहे. तसंही नाही उघडलं आणि तुमचा 'सर्व्हर' म्हणजे साधा विंडोज १० प्रोचा पीसी असेल, तर त्याला एका वेळी २० कनेक्शनचीच मर्यादा असते. सहा पीसींत ती सहसा भरत नाही, पण स्कॅनर आणि लॅपटॉपही त्यात मोजा.