जुन्या पिकअपची दुरुस्ती करावी की तो बदलावा?
इंजिन धूर सोडू लागले म्हणून पिकअप लगेच विकायला काढू नका. आधी तो रॅम्पवर चढवून चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) खालून नीट तपासा. क्लच, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), अगदी संपूर्ण इंजिनही बदलता येते, परंतु पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट चासीला जिथे जोडलेले असतात तिथे गंज आरपार गेला असेल आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही पापुद्रे सुटत असतील, तर त्या गाडीवर मोठा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भरलेल्या गाडीखाली हाच भाग तुटला तर ते जिवावर बेतू शकते.

चासी शाबूत असेल तर धुराचा रंग पाहा. डिझेल गाडीचा काळा धूर अनेकदा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा बिघडलेल्या इंजेक्टरमुळे येतो आणि तुलनेने कमी खर्चात थांबतो. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे, म्हणून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजून घेतल्याशिवाय इंजिन उघडण्यास संमती देऊ नका.

दुरुस्तीचा खर्च केवळ गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहणे अपुरे ठरते. नव्या गाडीचे वर्षभराचे हप्ते, वाढीव विमा आणि घसारा (गाडीची घटत जाणारी किंमत) यांच्याशीही तो ताडून पाहा.