नव्या फ्लॅटची भिंत पाझरते, बिल्डर हात वर करतो. कायद्याने काही करता येते, की मिटवून घ्यावे?

तुमच्या प्रश्नातले शेवटचे तीन शब्द वाचले आणि लिहायला बसलो. पर्वरीचा फ्लॅट, दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमची बाहेरची भिंत पाझरू लागली, बाथरूमखाली ओल आली, बिल्डर म्हणतो की एका वर्षाची गॅरंटी संपली. हे गोव्यात रोजचेच. पण 'मिटवून घ्या' असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तो माणूस मला न बघता ओळखता येतो. आमच्या घरात ते माझे मेव्हणे.

तुमच्या बिल्डरकडे येतो. आधी माझे ऐका.

२०१८च्या फेब्रुवारीत आम्ही फोंड्याला रिसेलचा फ्लॅट घेतला. बत्तीस लाख. तिसरा मजला, वर गच्ची. विकणारे निवृत्त मास्तर, मेव्हण्यांना त्यांनी शाळेत गणित शिकवलेले. त्यामुळे इंजिनिअरला दाखवूया म्हटले, तर मेव्हण्यांना तो गुरूचा अपमान वाटला. हॉलला पीओपीचे नवेकोरे छत होते, त्यात पिवळे दिवे. बायको म्हणाली, "या वयात मास्तरांना बरी हौस!" मी हसलो. घर विकायला काढणारा माणूस छतावर पैसे का घालेल, हा प्रश्न तेव्हा दोघांनाही पडला नाही.

जूनमध्ये छताच्या एका कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मेव्हणे म्हणाले, "आसूं दी रे, पावसात कोणाचे घर ओले होत नाही?" वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात या वाक्याला उत्तर नसते. गप्प बसलो.

मग चवथ आली. डिचोलीचे मूळ घर त्या वर्षी दुरुस्तीला काढले होते, म्हणून गणपती आमच्याकडे आला. गणपती म्हणजे माटोळी (देवाच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची मांडणी) आलीच, आणि माटोळीचे वजन पीओपी पेलत नाही. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंग, केळीचा घड. हुक स्लॅबमध्येच ठोकायला हवा, म्हणून सुताराने आदल्या दिवशी पीओपीत चौकोन कापला. वर बघून तो शिडीवरून मुकाट्याने खाली उतरला आणि म्हणाला, "तुम्हीच बघा." स्लॅबचे खालचे काँक्रीट सुटले होते, सळया उघड्या पडून गंजून पापुद्रे निघत होते. मी बोट लावले तर सळईचा तुकडा हातात आला. त्या वर्षी माटोळी दोन बांबूंच्या घोडीवर बांधली, वरून ताडपत्री. आरतीला आलेला प्रत्येक जण आधी छताकडे बघायचा, मग देवाकडे.

इथे मी आयुष्यात एकच शहाणपणा केला. बायको म्हणत होती की विसर्जन झाले की ताबडतोब गवंडी बोलाव. मी काहीही हलवू दिले नाही. तारीख दिसेल असे फोटो काढले, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घेतला, त्यातच दुरुस्तीचा अंदाज लिहून घेतला (तीन लाख ऐंशी हजार), आणि मगच हात लावला. तुम्हीही बाथरूम फोडायच्या आधी हे करा. दुरुस्ती झाली की पुरावा मलब्याबरोबर टेंपोत जातो.

आता कायदा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही जो सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. न सांगणे म्हणजे फसवणूक. म्हणजे भिंतीवरची तडा तुम्हाला दिसत होती आणि तुम्ही बोलला नाहीत, तर नुकसान तुमचे. पीओपीच्या वर काय आहे ते कोणी शिडी लावून बघत नाही.

मास्तरांच्या वकिलाचे उत्तर आले की सेल डीडमध्ये 'पाहून, खात्री करून, जसा आहे तसा' घेतल्याचे लिहिले आहे. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण कलम ५५ची सुरुवातच 'वेगळा करार नसेल तर' अशी आहे. माझ्या वकीलबाईंचे म्हणणे, असे वाक्य टाकून जाणूनबुजून लपवलेले झाकता येत नाही, करार कायद्यातले फसवणुकीचे कलम १७ शिल्लक राहतेच. पण त्यांनी हेही सांगितले की सगळा खेळ एका गोष्टीवर आहे: मास्तरांना माहीत होते हे दाखवता येईल का?

ते सोसायटीच्या फायलीत सापडले. २०१६चे पत्र, मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात: गच्चीतून पाणी झिरपून माझ्या हॉलच्या स्लॅबचे प्लास्टर पडत आहे, तातडीने लक्ष घालावे. खाली सही, तारीख. सोसायटीने लक्ष घातले नाही (गच्ची सामाईक, म्हणजे त्यांचीही जबाबदारी होतीच, पत्र्याचे छप्पर घालायला त्यांना आणखी दोन वर्षे लागली). मास्तरांनी वाट बघितली आणि मग पीओपीवाल्याला बोलावले.

त्या पत्राची प्रत दुसऱ्या नोटिशीला जोडली. दावा दाखलच करावा लागला नाही. वकीलबाईंच्या ऑफिसात दोन बैठका झाल्या, अडीच लाख ठरले, दोन हप्त्यांत मिळाले. मास्तर एकदाही माझ्याकडे बघून बोलले नाहीत. मला वाईट वाटले, नाही असे नाही.

मेव्हणे आजही सांगतात की वकिलावर उगाच पैसे घातलेस, मी एक शब्द टाकला असता तर मास्तरांनी असेच दिले असते. त्यांनी शब्द टाकला होता. जुलैमध्ये, माझ्यासमोर, फोनवर. पलीकडून उत्तर आले होते, "थोडी ओल असायचीच." नोटीस गेल्यावरचा मास्तरांचा आवाज आणि त्याआधीचा आवाज, दोन्ही मी ऐकले आहेत. मिटवायला माझी ना नव्हती, शेवटी मिटवलेच. पण मिटवायला बसताना हातात कागद हवा, नाहीतर त्याला मिटवणे म्हणत नाहीत, सोडून देणे म्हणतात.

तर तुमचा बिल्डर. तुमची गोष्ट माझ्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे, कारण त्याला माहीत होते की नव्हते हे तुम्हाला सिद्धच करायचे नाही. रेरा कायदा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्तेचा कायदा, त्याचे कलम १४(३): ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. करारात 'गळतीची हमी एक वर्ष' छापले असले तरी कायदा त्याच्या वर. कळवायचे ते लेखी, पोचपावतीसह. फोन आणि 'बघतो, माणूस पाठवतो' यांना शून्य किंमत. तीस दिवस गेले की पणजीला गोवा रेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे, तक्रार.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि वर 'दुसरा पावसाळा' असे तुम्हीच लिहिले आहे. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलेले आहे. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका. मला ही वाट नव्हती, कारण मास्तर काही घरांचा धंदा करत नव्हते. माझ्यासारख्याला दिवाणी कोर्टच. तिथे मुदत तीन वर्षांची, फसवणूक असेल तर ती कळल्यापासून.

हे आधी लिहायला हवे होते: पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट नसलेले प्रकल्प रेरात नोंदवावे लागत नाहीत. गोव्यात अशा छोट्या इमारती गल्लोगल्ली आहेत. तुमची नोंदलेली आहे का, ते गोवा रेराच्या संकेतस्थळावर बघा. नसेल तर ग्राहक आयोगाचे आधी बघा. आणि मी वकील नाही, बँकेत कारकून होतो.

अजून एक, प्रश्नात नसलेले. पाणी निदान दिसते, कागदातला दोष दिसत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, तेव्हा मूळ जमीन विकणाऱ्या भावांच्या बायकांच्या सह्या आहेत का तेही एकदा फाईल काढून बघा. बिल्डरने सदोष हक्काची जमीन गळ्यात मारली असेल, तर रेराच्या कलम १८(२)खाली त्या भरपाईला मुदतीची आडकाठी नाही.

ताबा कुठल्या तारखेला घेतला ते तुम्ही लिहिलेले नाही. बाकी सगळे नंतर, आधी ते ताब्याचे पत्र शोधा.