घरच्या घरी कमी खर्चात कापडाचा सजावटीचा डबा कसा शिवायचा? की पुठ्ठ्याला कापड चिकटवलं तरी चालेल?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय ना, की शिवायच्या ऐवजी गमने चिकटवलं तर चालेल का, तेवढ्यासाठी मी लिहायला बसले, नाहीतर कूलरमध्ये पाणी भरायचं सकाळपासून पडलंय. नाही चालत. एक संध्याकाळ चालतं, पुढे नाही. आणि ती संध्याकाळ मी पाहिलेली आहे.

माझे बाबा टेलर होते. नागपूरच्या महाल भागात दुकान, दुकान म्हणजे काय, एक पायाचं मशीन, एक फळी आणि भिंतीला खिळ्यांवर अडकवलेले मापांचे कागद. मी तिसरीत होते तेव्हापासून शाळेतून आलं की काज-बटनं करायला बसायचं. बाबांचं एकच सारखं चालायचं, "कापडाले माया ठेव वं, माया असली तर उसवूनही नवं करता येते." माया म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, शिवणाऱ्यांना माहीतच असेल. तर चिकटवलेल्या डब्याला माया नसते. कापलं, चिकटवलं, संपलं. मळला तर धुता येत नाही, कोपरा झिजला तर उसवता येत नाही, उचलून फेकायचाच.

आता ती संध्याकाळ. आमच्या मोठ्या पुतणीचं लग्न मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. बाहेर 45 डिग्री. रुखवतात मांडायला पाच डबे करायचे ठरले, बांगड्यांचा, रुमालांचा, असे. तीन डबे मोठ्या जाऊबाई, म्हणजे नवरीची आई, करणार, दोन मी. जाऊबाईंनी साटीन आणलं, सोनेरी लेस आणली, कुंदनचे खडे, ग्लू गन, सगळं. मी घरातलं गाठोडं काढलं, ज्यात ओटीचे ब्लाऊजपीस असतात. तुमच्याही घरी असेल. कोणी शिवत नाही, नुसते या घरून त्या घरी फिरत राहतात, त्यात एक तर मीच चार वर्षांपूर्वी कोणाला तरी दिलेला परत आला होता, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून ओळखला. मी दुपारभर मशीनवर, आणि जाऊबाई दारातून पाहून गेल्या, "काय वं, एवढं कायले शिवून राहिली? गम लाव ना, दहा मिनिटाचं काम आहे."

खोटं कशाला बोलू, त्यांचे डबे दिसायला सुंदर झाले होते. माझे जरा साधेच. हॉलवर त्यांनी त्यांचे तीन पुढे मांडले आणि माझे दोन मागे, कुरडया-पापडाच्या परातीशेजारी, आणि विहीणबाई पाहायला आल्या तेव्हा जाऊबाई हसत हसत म्हणाल्या, "ते मागचे आमच्या छोटीनं केले, टेलरची पोरगी ना जी, तिले शिवल्याशिवाय करमत नाही." सगळे हसले. मी पण हसले, काय करणार.

टेबलाच्या समोर हॉलवाल्यांनी जम्बो कूलर लावलेला. कूलरची हवा कशी असते आपल्याकडे माहीत आहे, तोंडावर थेट पाण्याचे तुषार. मांडणी केली सकाळी अकराला, लग्न लागायचं होतं संध्याकाळी. तीन-साडेतीनपर्यंत साटीनवर फुगे यायला लागले, पांढरा गम पाण्यातलाच असतो, ओल लागली की परत मऊ पडतो, आणि ज्या कोपऱ्यांना ग्लू गन मारली होती ते आदल्या दिवशी टिनाच्या खोलीत ठेवले होते तेव्हाच ढिले झालेले. ती कांडी गरमीनेच वितळते म्हणून तर ती गन आहे! लेस एका बाजूने लोंबायला लागली. माझ्या नवऱ्याची मावशी अंगठ्याने दाबून दाबून बसवून राहिली होती आणि ते परत वर येऊन राहिलं होतं. वऱ्हाड पाचला येणार. तेव्हा जाऊबाई माझ्याजवळ आल्या आणि एकदम हळू आवाजात, "सुई आहे का वं तुझ्याकडे?"

माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच. पैठणी नेसून, टेबलाच्या मागे खाली बसून मी ते तिन्ही डबे टाचले, पुठ्ठ्यातून साधी सुई जात नाही, चावीने मागून रेटली, अंगठ्यातून रक्त आलं. पावणेपाचला तिन्ही जागेवर. पुढे वऱ्हाड आलं, विहीणबाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, "हे मुलीच्या आईनं केले बरं का." व्हिडिओतही आहे ते. आणि जाऊबाईंनी मान हलवली. तेवढंच. नऊ वर्षं झाली.

असो, तुमचं सांगते.

पुठ्ठा विकत आणू नका. मिक्सर, कूलर, टीव्ही, कशाचंही खोकं चालते, पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, मिळालं तर उत्तम. किराणा दुकानातलं आणलं तर आधी झटकून उन्हात टाका, पुठ्ठ्याच्या आतल्या नाल्यांमध्ये झुरळाची अंडी असतात. नागपुरात सगळ्यात सोपं म्हणजे संत्र्याचं खोकं, पण त्याला हवेची भोकं असतात, ती सोडून कापा, नाहीतर वरून हात फिरवला की खड्डा लागतो. कापड तेच, फिरते ब्लाऊजपीस, एका डब्याला दोन, एक बाहेरून एक अस्तराला. साटीन नको, सुती घ्या नाहीतर खणाचं. एकदा पाण्यातून काढून घ्या, लाल आणि मरून हमखास रंग सोडतात.

मापं इंचात सांगते, सवय आहे. तळ 12 बाय 8, उंची 6. कापडाच्या मधोमध तळ आखायचा, चारी बाजूंना 6 इंचाचे कान, म्हणजे अधिकाचं चिन्ह होते 24 बाय 20 चं, आणि त्याच्या भोवती अर्धा इंच माया. ब्लाऊजपीस 80 सेंटीमीटरचा असला तरी आरामात बसते. अस्तर पण तसंच कापा, दोघांच्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून टीप मारा, पण चारही कानांची टोकं उघडी ठेवा, पुठ्ठा तिथूनच जाणार आहे. आतल्या चार कोपऱ्यांत टिपेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) राहील इतपत कात्री मारा, घाबरून कमी मारली की उलटवल्यावर चुण्या पडतात. उलटवा, इस्त्री करा. मग तळाच्या तीन बाजूंना वरून टीप, चौथीकडून तळाचा पुठ्ठा सरकवा, मशीनला चेन शिवायचा अरुंद पाय लावून चौथी बाजू बंद करा, मग चार कानांत चार पुठ्ठे, टोकं आत दुमडून हाताने लांब लांब टाके, आणि शेवटी कान उभे करून कोपरे बाहेरून जाड दोऱ्याने शिवा. मशीनची सुई 16 नंबर.

पुठ्ठा मात्र खिशापेक्षा पाव इंच लहान हवा, लांबीत पण आणि रुंदीत पण, सगळे इथेच चुकतात. बरोबर मापाचा कापला तर घडी बसत नाही आणि सुई पुठ्ठ्यावर जाऊन तुटते. बाजूच्या पुठ्ठ्यांच्या नाल्या उभ्या ठेवा, वर दुसरा डबा ठेवला तरी दबत नाही. तळाला दोन तुकडे घाला, एकाच्या नाल्या उभ्या, एकाच्या आडव्या.

मळला की वरचे हाताचे टाके आणि कोपरे उसवायचे, बाजूचे पुठ्ठे काढायचे, कापड धुवायचं (तळाची एक टीप उसवायला लागते, दोन मिनिटं), परत भरायचे. गमवाल्याला करून दाखवा हे.

झाकण हवं असेल तर तेही सांगते. तळापेक्षा किंचित मोठा खिसा शिवा, पुठ्ठा घाला, मागच्या कडेला टाचून टाका, पुढे नाडी. खर्च म्हणाल तर मला दोन डब्यांना रीळ आणि इतवारी बाजारातून आणलेली लेस मिळून 70 रुपये लागले होते. साटीन-कुंदनचा हिशेब हजाराच्या वर गेला होता, तो कोणी विचारला नाही.

आता हेही सांगते, शाळेचं प्रोजेक्ट असेल, एका दिवसापुरतं हवं असेल, तर लावा गम, मशीन काढू नका. फक्त मैद्याची खळ नको, कसर लागते. आणि शिवलेला डबा काही लोखंडी नसतो, माझ्या दोघांपैकी एक तीन प्लायचा होता, पुतणीने त्यात स्टीलच्या वाट्या भरल्या तर त्याला पोट आलं. दुसरा अजून आहे तिच्याकडे, पुण्याला, स्वयंपाकघरात लसूण ठेवते त्यात. धुऊन वापरते म्हणे. जाऊबाईंचा एक तिने शोकेसमध्ये ठेवलाय.

दोरा मात्र मॅचिंगच घ्या. त्या दिवशी माझ्याकडे फक्त पांढरा होता. अल्बममध्ये रुखवताचा फोटो आहे, जवळून पाहिला तर सोनेरी लेसवर पांढरे टाके दिसतात, प्रत्येक कोपऱ्याला चार-चार.